गजेंद्रचं अक्षर

६ जानेवारी १९९७
भुसावळहून सकाळी सुरतेला पोचले. माझा जुना विद्यार्थी गजेंद्र स्वतः स्टेशनवर आला होता. एवढा कारखानदार, पण सगळ्यांदेखत पाया पडला. शहराबाहेर इच्छापोरला त्याचा भिंगांचा कारखाना, मागे माझी खोली, दारात लिंबाचं झाड. तिसरीत त्याचा हात धरून अक्षरं मीच गिरवून घ्यायची. दारावर त्याने माझं नाव लिहिलंय, ते हुबेहूब माझ्या वळणात. डोळे भरून आले. पोचल्याचं पत्र भाचीला, स्वातीला लिहिलं आणि टाकायला त्याच्याकडेच दिलं.

७ जानेवारी
त्याने ज्यासाठी बोलावलं ते काम सोपं आहे. भिंगाचा आकार कॉम्प्युटर ठरवतो, शेजारच्या खोलीत ते घासून तयार होतं. मी त्यातून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा आणि कुठे अंधुक दिसतं ते सांगायचं. त्यावरून कॉम्प्युटर चूक सुधारतो. गजेंद्र म्हणाला, टीचर, हाही तुमचाच विद्यार्थी, फक्त मस्ती करत नाही.

११ जानेवारी
आजच्या भिंगातून लिंबाच्या पानांच्या शिरा दिसल्या. भिंग काढलं तर झाडच धूसर.
झाडलोट करणाऱ्या धुरपदाबाई कप चाचपून उचलतात. म्हणाल्या, ताई, आधी या खुर्चीवर मी बसायची.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्चीवर सगळे पतंग कापल्याचा गलका करत होते. मला एकही पतंग दिसला नाही. गजेंद्रने कालचं भिंग डोळ्याला लावलं, तर मांजासुद्धा दिसला. मग ते काढून घेतलं. माझी नजर जाते कुठे, असं मी विचारलं. उंधियूचं ताट पुढे करत म्हणाला, दिल्याने कमी होत नाही, तुम्हीच शिकवलंत ना.

१६ जानेवारी
आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. भिंगातून स्पष्ट दिसलं, तरी अंधुक म्हटलं. कॉम्प्युटर अडला. गजेंद्र रागावला नाही. म्हणाला, दमलात टीचर. तरुण डोळे बघावे लागतील.
भुसावळची गाडी विचारली. एकट्या कशा जाल, म्हणाला.

२० जानेवारी
लिहिताना ओळींवर ओळी जात असतील —
स्वाती आली. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, मावशी, तूच बोलावलंस ना, डोळ्यांचं हलकं काम आहे म्हणून. मी नाही लिहिलं म्हटलं. तिने पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे बघ, तुझंच अक्षर —
ते गजेंद्रचं आहे. तिला सांगितलं, दोनदा. ती हळूच म्हणाली, मावशी, तुला आता दिसतं तरी का —
शेजारी स्वाती तक्ता वाचतेय. पहिली ओळ. दुसरी. गजेंद्र शाबास म्हणतोय, मी वर्गात म्हणायची तसंच. तिसरी ओळही तिने न अडखळता —