गुरुजींची लवंग

गुरुजी, पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा पाण्यात उतरले. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, नाहीतर चष्म्यावरून बघत विचारलंच असतंत की आता तळाशी काय शोधायचंय. खरं सांगते, तळच बघायचा होता. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत बुडाले तेव्हा खाली दिसलेला तो हिरवा उजेड मी विसरलेले नाही. भीती बाळगली ती आई-आबांनी, मला कुतूहलच राहिलं. म्हणून लेकीनं समुद्रात बुडी मारायचं काढलं तेव्हा मीही माझं नाव घातलं. समुद्र मालवणचा, पण पहिली शिकवणी इथंच, संभाजीनगरच्या तरणतलावात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. मला हा नियम फार आवडला.

दुसऱ्या दिवशी पाण्याबाहेरचा धडा होता, तातडीच्या प्रथमोपचारांचा. फरशीवर प्लॅस्टिकचा पुतळा आडवा टाकलेला. शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर तुमच्याकडे काय करतात? मी हौसेनं हात वर केला आणि माझीच गोष्ट सांगितली. सायकलवरून चाललेल्या आमच्या गुरुजींनी कपड्यांसकट उडी टाकली, मला वर काढलं, पाय धरून गरगर फिरवलं, पोटातलं पाणी पडलं आणि मी वाचले. सारं गाव हेच सांगतं. बाई हसली नाही. म्हणाली, "काकू, फिरवण्यात नुसता वेळ जातो. श्वास बंद असेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. तुमच्या सरांनी श्वासच दिला असणार."

मला काही पटलं नाही. मग माझी पाळी आली. पुतळ्याचं डोकं मागं कलवलं, नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड टेकवलं. पुतळ्याला स्पिरिटचा वास होता, आणि माझ्या नाकात मात्र लवंग. दाढदुखीसाठी तुम्ही गालात धरायचात ती. वही तपासायला वाकलात की यायचा तोच वास. मी फुंकायचं विसरून तशीच बसून राहिले.

रविवारी गंगापूरच्या एसटीनं गावी गेले आणि आईला सरळ विचारलं. ती शेंगा फोडत होती, हात काही थांबले नाहीत तिचे. "मला ठाऊक हाय. मी तिथंच धुणं धूत व्हते," ती म्हणाली. "त्यांनी तोंडाला तोंड लावून फुंकलं, अन् माणसं जमायच्या आत तू खोकलीस. मीच गुरुजींना म्हणलं, पाय धरून फिरवलं असं सांगू. पोरीची जात, उद्या लगीन व्हायचं." तुम्ही त्यावर काय म्हणालात, हे मी पुन्हापुन्हा विचारलं. नुसती मान डोलावलीत म्हणे आणि सायकल उचलून ओल्या कपड्यांनी शाळेत गेलात.

त्यानंतरचा विज्ञानाचा तास मला आता वेगळाच दिसतो. तुम्ही फुटबॉलचा ब्लॅडर घेऊन आलाय आणि श्वास कसा द्यायचा ते दाखवताय. पुस्तकात असा धडाच नाही. वर्ग फिदीफिदी हसतोय. तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणता, "हसा, पण विसरू नका." आम्ही विसरलो, गुरुजी. पण तुम्ही हे शिकलात कुठं, त्या काळात, त्या गावात? आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं असल्या गोष्टीला मान डोलावली, तेव्हा आतून काय झालं? मला तर आज राग येतोय, थोडा आईचा, थोडा गावाचा.

गावात अजूनही बुडालेल्याला फिरवतात, आणि दाखला माझाच देतात. म्हणून येत्या शनिवारी तो पुतळा मागून घेऊन आपल्या शाळेत जाणार आहे. आई म्हणते, शिकव, पण तुझं नको सांगू. मी सांगणार आहे. फिरवून वाचलेली म्हणून मी समोर उभी असताना पोरं पुतळ्यावर कशाला विश्वास ठेवतील? तुमच्या नावासकट सांगेन.

हे पत्र कुठं टाकणार, राहील खणात. एक मात्र कबूल करते. काल सरावाला मी गालात लवंग धरून गेले होते. तोंडात काही ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणून वाकण्याआधी काढली. तुम्हाला तेवढीही सवड मिळाली नसणार.