तिसरी हाक येईपर्यंत

अप्पा, गच्चीवर सांडगे वाळत घातलेत आणि त्यांची राखण करायच्या निमित्तानं मी इथं कागद-पेन घेऊन बसलेय. टीव्ही पोहोचत नाही अशी घरात आता ही एकच जागा उरलीय. बाकी सगळीकडं तुमच्या नातवानं स्पीकर बसवलेत, बिनवायरचे, मुठीएवढे. एक झोपायच्या खोलीत, एक देवघरात आणि एक स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा मोठ्या हौसेनं लावून दिले. म्हणाला, "आई, तू कायम आत एकटीच असतीस. आता भाकऱ्या करता करता तुला पण सगळं ऐकू येईल की." त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मीही छान झालं म्हटलं. हॉलमध्ये मालिका लागली की आतलं दार लोटून घ्यायचं आणि परातीत पीठ मळता मळता तुमच्याशी बोलायचं, एवढाच माझा दिवसातला स्वतःचा वेळ होता, हे त्याला कसं सांगू? हसू नका. तुम्ही गेल्यापासून रोज बोलत आलेय मी.

आता तिथं मालिकेतली सासू बोलते, आणि तीही दोनदा. हॉलमधलं वाक्य आधी कानावर येतं आणि पाठोपाठ तेच डब्यांशेजारून. एकाच बाईचं रडणं रोज दोन-दोनदा ऐकायचं! त्यात रिटायर झाल्यापासून हे टीव्हीसमोरच असतात. "ऐकलंस का गं? आता घर सोडतीय बघ ती!" पूर्वी मला आतून काही कळायचं नाही, म्हणून मी सुटायचे. आता हूं म्हणावंच लागतं. स्पीकर बंद केला की लगेच उठून येतात, "बंद पडला व्हय गं?" म्हणतात आणि चालू करून जातात. सगळं प्रेमानंच चाललंय, त्यामुळं भांडायचं तरी कुणाशी? पण जीव गुदमरतो, अप्पा. माझ्याच स्वयंपाकघरात मला कोंडल्यासारखं होतं.

तुम्ही कारखान्यातून, त्या यंत्रमागांच्या खडखडाटातून घरी यायचा आणि पायरीवर बसायचा. आई चुलीपासून हाका मारतेय, "अवो, जेवायला या की!" आणि तुम्ही ढिम्म. तिसऱ्या हाकेला उठायचा. "मागानं कान खाल्लं ह्यांचं," असं ती साऱ्या गल्लीला सांगायची. एकदा मी तुमच्या पाठीमागं उभी राहून स्वतःशीच पुटपुटले, उद्या शाळेला जायचं नाही मला. मान न वळवता तुम्ही म्हणालात, "का गं?" मी पुढं येऊन तुमच्या तोंडाकडं बघितलं. "ऐकू येतंय मला. पर दिसभर कान भरल्यात, जरा रिकामं होऊ देत की. आईला बोलू नगं." मी तिला शेवटपर्यंत हे बोलले नाही.

गेल्या महिन्यापासून मीही तेच सोंग घेतलंय. हिला ऐकूच येत नाही म्हटल्यावर निदान स्वयंपाकघरातला स्पीकर तरी काढून टाकतील, असं वाटलं होतं. ह्यांनी घाबरून पोराला फोन लावला. तो येत्या रविवारी येतोय. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, स्वयंपाकघरासाठी मोठा स्पीकर घेतलाय, आणि एक गच्चीसाठीही. "वर एकटीच बसतीस म्हणं तू," मला फोनवर ओरडून सांगत होता बिचारा. खरं सांगितलं तर त्याचा चेहरा पडेल, आणि नाही सांगितलं तर ही गच्चीही जाईल. तुमचं बरं होतं, अप्पा. तुमचे माग कारखान्यातच राहायचे.

हा कागद आता सांडग्यांच्या ताटाखाली सरकवते. खालून ह्यांची एक हाक झाली. ही दुसरी. "अगं, ये की खाली, तुझी मालिका लागली!"

मला स्वच्छ ऐकू येतंय, अप्पा. तिसरी येईपर्यंत बसते.