उगवतीची खिडकी

ता. ४

मला न विचारता माझ्या घराच्या भिंतींना भोकं पाडलीस, हे आधी. आशीर्वाद नंतर.

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे. तुझी बहीण पलंगावरून उतरू देत नाही. पाहुणी म्हणून आले, कैदी झाले. जावईबापू रोज तुमच्या गावी कामाला येतात, त्यांच्या डब्याच्या पिशवीतून हे पत्र. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि निम्मं तू गिळतोस.

ते सांगत होते, तिसऱ्या मजल्यावर नेट पोचत नव्हतं म्हणून जिन्यात नवी डबी ठोकलीस आणि धाकटीच्या, तुझ्या काकूच्या, खोलीत कॅमेरा. का, तर तुम्हाला खाली बसल्या बसल्या ती मोबाईलवर दिसावी. जेवणही म्हणे टोपलीत, दोरी ओढून तिनंच वर घ्यायचं. अरे, माझी जाऊ आहे ती, विहिरीतली बादली नव्हे. जिना चढून तुझ्या बायकोला धाप लागते, कबूल. पण धाप लागलेलं माणूस घटकाभर टेकतं, दोन शब्द बोलतं.

सविस्तर लिही.

तुझी आई

ता. ५

ती. आईस सा. न. वि. वि.

भोकं बुजवून देईन, रागावू नकोस. पण डबीचं सार्थक झालं. आधी काकू जरा हलली की चित्र अडखळायचं, निम्मं तोंड इथं, निम्मं तिथं. आज सकाळपासून बघ कसं स्वच्छ आहे. कामावरून मधूनमधून बघत होतो. खुर्चीत बसलेली, हातात फणी, तोंडावर छान ऊन. आत्ता संध्याकाळी घरी येऊन बघितलं, तरी तशीच निवांत. टोपली मात्र सकाळची खालीच आहे. ही म्हणते, बसून बसून भूक मेली असेल. उगाच वर जाऊन कशाला त्रास द्यायचा?

मेव्हणे दारात खोळंबलेत, म्हणून आवरतो. लोभ आहेच, रागातही राहू दे.

तुझा थोरला

ता. ५, दिवे लागल्यावर

आशीर्वाद राहू देत. जावईबापूंना ताटावरून उठवून परत पाठवतेय. आधी त्यांनी तुला फोन लावला, तर म्हणालास, "आत्ताच बघितलं, बसलीय."

धाकटीच्या डोक्यावर केस उरलेत किती? दिवसभर विंचरायला ती काय नवरी आहे?

आणि ती खिडकी उगवतीची आहे, बाळा. दुपार कलली की त्या खोलीत ऊन औषधाला सापडत नाही. त्यावरून ती जन्मभर माझ्याशी भांडली. संध्याकाळी तिच्या तोंडावर ऊन कुठून आलं?

सकाळच्याच चित्रावर अडकलेला तो मोबाईल खाली ठेव आणि जिना चढ. दार आतून लावलेलं असलं तर तोड. माझ्या घराची मोडतोड करायला तुला कधी परवानगी लागली?

या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या बायकोनंही नाही. दोन शब्द चालतील, शिवी असली तरी चालेल. पण धाकटीनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. तोवर जावईबापू तुझ्या दारातून हलणार नाहीत.