वरचं दूध

६ जून
पेला पुन्हा लाथाडला. अर्धं दूध माझ्या मांडीवर, अर्धं चटईवर. पोटात किती गेलं ते देवालाच ठाऊक. डब्यातलं दूध मिळतं रुंफीच्या बाजारात, तेही मिळालं तर. डबा तळाला लागलाय.

लुसुंगू दोन महिन्यांची झाली. तिला जन्म दिला त्याच दिवशी टोवेरा गेली — रक्त थांबलंच नाही. माझी सून. धड पंचविशीचीही नव्हती. माझा मुलगा खुंबो मातीला आला, काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि परत जोहान्सबर्गला कामावर गेला. जाताना म्हणाला, 'आई, आता तूच बघ.'

बघतेय. पण किती विसरायला होतं! माझी धाकटी आता वसतिगृहात राहून शिकते. तिला अंगावर पाजल्याला पंधरा वर्षं उलटली. ढेकर कसा काढायचा तेसुद्धा पहिल्या आठवड्यात शेजारणीला विचारलं. ती हसली. मी नाही हसले.

८ जून
दिवसा नीट झोपते ती फक्त माझ्या वर्गात. दुसरीची पोरं पाढे ओरडायला लागली की तिला पाठीला बांधते त्या कापडात, चितेंज्यात, मान टाकते. लिहायला सांगितलं, वर्ग शांत झाला — की डोळे टक्क उघडे, आणि भोकाड. मग पुन्हा पाढे. माझ्या वर्गाचे पाढे यंदा अख्ख्या शाळेत पक्के होणार.

हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, 'बाई, जरा आवाज कमी.' मी म्हटलं, कमी केला तर त्यापेक्षा मोठा आवाज येईल. ते पाठीवर डोकावले, तिच्याकडे बघून जीभ बाहेर काढली आणि गेले.

९ जून, रविवार
चर्चमध्ये मूक प्रार्थना. लुसुंगूला ती मान्य नव्हती. गाणं सुरू झालं तशी झोपली.

१३ जून
विहीणबाई आल्या. टोवेराची आई. सरोवराकाठच्या गावाहून मिळेल त्या ट्रकने, मांडीवर सुक्या उसिपा मासळीचं गाठोडं घेऊन. त्यांचा मासळी सुकवायचा धंदा आहे. हाताला वास असतो म्हणून आधी हात दोनदा धुतले, मग नातीला घेतलं. वजनाचा अंदाज घेतात तसं हातावर जरा उचललं.  ते उचलणंच मला लागलं.

जेवताना मक्याच्या सिमाचा घास तसाच हातात धरून म्हणाल्या, 'न्यालुहांगा, मी भांडायला आले नाही. पोरगी तुमच्या घरी दिली, ती परत आली नाही. नात तरी घेऊन जावी म्हणते.'

मी म्हटलं, तिकडे तरी दूध कुठलं? म्हणाल्या, शेजारणीकडे शेळ्या आहेत. मी म्हटलं, शेळीचं दूध हिला सोसणार नाही. 'आणि डब्यातलं सोसतंय ते दिसतंयच,' त्या म्हणाल्या.

खरं होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. शेवटी ठरलं ते असं — शाळेचं सत्र संपेपर्यंत माझ्याकडे. सुट्टी लागली की त्या येऊन नेणार.

मी 'बरं' म्हटलं. त्यांची मुलगी गेलीय. दुसरं काय म्हणणार होते?

१८ जून
जुलाब. सकाळपासून दुपटी धुतेय. शाळेत गेले नाही. पाणी उकळून, साखर-मीठ घालून चमचा चमचा पाजलं. टाळू खाली गेल्यासारखी वाटते. की मलाच तसं वाटतंय?

२० जून
दवाखान्यातल्या झाडाला टांगलेला काटा. त्याच्या झोळीत लुसुंगू लोंबकळली आणि रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. वजन मागच्या वेळेपेक्षा खाली आलंय. सिस्टर चविंगा या नर्स आहेत, खुंबोच्याच वयाच्या, मला आदराने वागवतात. आज त्यांनी नुसतं माझ्या दंडावर हात ठेवला.

२१ जून
हे कुणाला सांगायचं? या पानालाच.

दुपारी ती रडत होती. जोरात नाही — मांजराच्या पिल्लासारखं, थकून. पेला तोंडाला लावला की मान फिरवायची. पाढे म्हणून पाहिले, पाठीला बांधून अंगणात फेऱ्या मारल्या, शेंगदाणे कांडले. काही चालेना. मग दार लावलं आणि ब्लाउजचे हुक काढले. कोरडं तर कोरडं. नुसतं चोखू दे.

तिने असं धरलं, जणू कुणी शिकवून पाठवलंय. दुखलं. थोड्या वेळाने तिच्या मुठी सुटल्या. बोटं एकेक करून उघडली आणि झोपली. गाढ.

मी तशीच बसून राहिले.  आधी लाज वाटली — या वयात, आजी होऊन! मग वाटलं, पोरीला मी फसवलं. देण्यासारखं काही नाही आणि छातीशी धरलं.

पण झोपली ना.

२४ जून
सिस्टरना सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होते. त्या हसतील असं वाटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

म्हणाल्या, 'फसवलं कशाला? ती मागते म्हणून येतं. आई असो, आजी असो. लगेच नाही, पण येऊ शकतं.'

मला वाटलं, समजूत घालतायत. नाही. आधी सुई टोचून माझं रक्त तपासलं — दुधातून आजार जाऊ शकतो, कुणालाही पाजण्याआधी ते बघावंच लागतं, म्हणाल्या. चांगलं निघालं. मग सगळं समजावलं. दिवसातून जितक्या वेळा घेईल तितक्या वेळा लावायचं. ती कंटाळू नये म्हणून चमच्याने वरचं दूध थेंब थेंब छातीवरून तिच्या तोंडात सोडायचं. त्यांच्याकडच्या साठ्यातून एक डबाही दिला. आणि मी भरपूर खायचं, भरपूर प्यायचं.

'आणि काळजी करायची नाही,' म्हणाल्या.
'तेवढं सोडून बाकी सगळं करीन,' मी म्हटलं.

३० जून
काही नाही. थेंबसुद्धा नाही.

शेंगदाण्याच्या कुटाची लापशी खाऊन खाऊन पोट फुगलंय. तिला लावायला मधल्या सुट्टीत वर्गाचं दार लावून घेते, जेवायच्या सुट्टीत घरी पळते. छाती सोलवटलीय. कपडा लागला तरी चटका बसतो. आरशात बघितलं — केस पिकलेले, डोळ्यांखाली काळं, आणि ही बाई दूध यायची वाट बघत बसलीय!

एक मात्र आहे. जुलाब थांबलेत. आणि आता झोपायला पाढे लागत नाहीत. जवळ घेतलं की डोळे मिटतात.

४ जुलै
तिसरा तास, वजाबाकी. पुढच्या बाकावरची टिया उठली आणि म्हणाली, 'बाई, तुमच्या अंगावर चहा सांडलाय.'

चहा मी घेतलाच नव्हता.

खाली बघितलं. ब्लाउजवर नाण्याएवढा ओला डाग. खडू हातातून पडला. पोरांना म्हटलं, वाचा, काहीही वाचा, मोठ्यांदा वाचा! आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. रडले ते त्यांना दिसलं नसावं. पाठीवरची जागी होती. माझे केस ओढत होती.

घरी येऊन दाबून पाहिलं. पांढरा, पातळ, एक थेंब. मग दुसरा. पान्हा!

५ जुलै
आलं. आजही आलं.

११ जुलै
काट्यावर वजन वाढलंय. फार नाही, पण काटा वर गेला. सिस्टर चविंगांनी बाकीच्या दोन नर्सनाही बोलावून दाखवलं. बाळाला नव्हे — मला!

चमचा आता दिवसातून एक-दोनदाच लागतो. पिताना घशाचा आवाज येतो, गटक गटक. पंधरा वर्षांनी ऐकला. पिऊन झालं की ओठाच्या कोपऱ्यातून धार गळते आणि ती तशीच झोपते, तोंड अर्धं उघडं. मला उठवत नाही तिथून. चूल विझते, विझू दे.

१४ जुलै, रविवार
गावात पसरलं. पसरणारच होतं.

चर्चच्या पायरीवर न्याम्बाले — आमच्या गायकवृंदातली, माझ्याच शेजारी उभी राहते — मोठ्याने म्हणाली, 'आमची न्यालुहांगा या वयात बाळंतीण झाली हो! नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी!' बायका हसल्या. एक-दोघींनी तोंडावर हात ठेवला, पण हसल्या.

मी हसत म्हटलं, दूध तुला यायला हवं होतं, इतका आवाज आहे तुझा, बाळ आनंदाने झोपलं असतं. तीही हसली. संपलं.

संपलं नाही. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. चेष्टेचं दुःख नव्हतं. यातलं काही विहीणबाईंच्या कानावर जाईल, अशाच चेष्टेच्या सुरात जाईल — ते डाचत होतं. मीच निरोप धाडायला हवा होता. पण काय म्हणून धाडणार? तुमच्या मुलीचं मूल माझ्या अंगावर पितंय?

१९ जुलै
विहीणबाई आल्या. शाळेला सुट्टी लागायला अजून आठवडा आहे.

मी अंगणात उन्हाला बसून पाजत होते. फाटक वाजलं तेव्हा उठता येईना, ती नुकती पेंगायला लागली होती. त्या समोर उभ्या राहिल्या. काखेत नवं चितेंजे, घडी न मोडलेलं. नातीला पाठीला बांधून न्यायला आणलेलं.

चेहरा झाकून घ्यावा असं वाटलं.  त्या उलट्या घातलेल्या उखळावर बसल्या.

'म्हणजे खरंच आहे,' त्या म्हणाल्या. 'कधीपासून?'

सांगितलं. वजनाचं सांगितलं, सिस्टरचं सांगितलं. मी फार बोलतेय असं मलाच जाणवलं आणि थांबले.

'माझ्या पोरीचं काम होतं ते.'

'हो.'

'दूध दुसऱ्या दिवशी उतरतं. तिला दुसरा दिवस मिळालाच नाही.' आवाज अगदी साधा होता, मासळीचा भाव सांगावा तसा. 'आता तिची जागाही गेली.'

मी म्हटलं, 'जागा मी घेतली नाही, विहीणबाई. ती तशीच रिकामी आहे. पण पोर उपाशी होती.'

मातीच्या दिवशी गावभरच्या बायका आक्रोश करत होत्या, तेव्हा ही बाई रडली नव्हती. टोवेराच्या उशाशी नुसती बसून होती, माश्या वारत. आज रडली. नव्या चितेंज्याचा बोळा तोंडात कोंबून, खांदे गदगदत होते पण आवाज नाही. बाळ उठू नये म्हणून.

मी म्हटलं, मोठ्याने रडा. हिला आवाजात चांगली झोप लागते.

मग त्या रडल्या.

२० जुलै
राहिल्यात. नेण्याचं बोलल्या नाहीत, जाण्याचंही नाही. सकाळी मी उठायच्या आत अंगण झाडून, दुपटी धुऊन वाळत. मी पाजायला बसले की त्या घरामागे जातात. लाकडं फोडतात. आहेत तेवढी लाकडं दोन महिने पुरतील.

२२ जुलै
आज घरामागे गेल्या नाहीत. बाजूला बसल्या, शेंगा सोलत. टोवेरा लहानपणी कशी होती ते सांगत होत्या — एका बाजूचंच प्यायची, दुसरीकडे नेलं की चावायची. म्हणाल्या, हिचा कान बघा, टोवेराचाच, वरून दुमडलेला. मी रोज बघते तो कान. मला कळलंच नव्हतं कुणाचा.

परीक्षा सुरू होतील उद्यापासून. बाळ पाठीवर घेऊन चालणार नाही, हेडमास्तरांनी सांगितलंय. विहीणबाई म्हणाल्या, 'मी आहे की.' दूध काढून पेल्यात ठेवायचं ठरलं.

२३ जुलै
पेला लाथाडला म्हणे. दिवसभर रडली. मी फाटकात पोचले तेव्हा विहीणबाईंच्या तोंडाला कोरड पडली होती, हिला घेऊन फेऱ्या मारून मारून. मी घेतलं, लगेच गप्प झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मत्सर नव्हता त्यात. मी शोधला, नव्हता.

जेवताना त्यांनी विचारलं, 'तुम्हाला पहिल्यांदा फार दुखलं होतं का?'

२४ जुलै
मी परीक्षेहून आले तर विहीणबाई बाळाला पाठीला बांधून दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. बाळाला काय झालं, विचारलं. 'तिला काही नाही,' म्हणाल्या. 'सिस्टर चविंगा बऱ्या आहेत. सुई टोचली तरी कळत नाही.'

२५ जुलै
पेपर गोळा करायला उशीर झाला. आता ती रडून रडून निळी झाली असेल म्हणून पळतच आले. फाटकापर्यंत आवाज नाही. अंगणात नाही.

दार लोटलेलं. विहीणबाई चटईवर, माझ्याकडे पाठ करून. काखेखालून लुसुंगूचे दोन तळवे बाहेर आलेले, ढिले पडलेले.

मान न वळवता म्हणाल्या, 'कोरडंच आहे हो. पण ओढतेय.'