धुण्याआधी की धुतल्यानंतर?

३ फेब्रुवारी, सोमवार

भाऊजी गेले! म्हणजे तसे ठणठणीत आहेत, फक्त कारखान्यातून गेले. बारा वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसून इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला, आणि आता हेच धाकटे दीर स्वतःची कंपनी काढून, आम्ही हॉस्पिटलला पुरवतो त्याच चादरींचं टेंडर भरणार. आमच्याविरुद्ध. जाताना दारात थांबून म्हणाले, "वहिनी, शिवणकाम तुमचं, मान्य. पण टेंडर शिवून भरता येत नाही."

हे मशीनला तेल घालत होते. मान वर केली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मशीन मी सांभाळतो. बाकीचं तू बघ."

बाकीचं म्हणजे सगळंच!

४ फेब्रुवारी, मंगळवार

टेंडरचे कागद उघडले. सत्तेचाळीस पानं. मला कळलेले शब्द: बेडशीट, पिलो, हॉस्पिटल. झालं.

नऊ मशीन आहेत. त्यांतली सात या चादरींवर चालतात. काम गेलं तर सात जणींना घरी पाठवायचं कुणी? मीच ना!

५ फेब्रुवारी, बुधवार

शब्द नाही कळत, पण आकडे कळतात. अकराव्या पानावर मापांचा तक्ता आहे. तो तासभर पाहत बसले आणि जुना राग वर आला.

दर वर्षी हॉस्पिटलची एकच तक्रार: चादरी आखूड पडतात, गादीखाली खोचता येत नाहीत. दर वर्षी भाऊजी तिथून येऊन मला सुनावणार, "तुमची शिवण ओढते, वहिनी." शिवण कशाला ओढेल? हॉस्पिटल चादरी उकळत्या पाण्यात धुतं. सुती कापड आटणारच! हे माप धुण्याआधीचं की धुतल्यानंतरचं, एवढं त्यांना विचारा, असं मी भाऊजींना दर वर्षी सांगितलं. ते म्हणत, "असले प्रश्न विचारत नाहीत. हसतील लोक." बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता मी विचारणार. कशी, ते देव जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झेरॉक्सच्या दुकानावर पाटी आहे: पत्रे, अर्ज, टायपिंग, जिन्याने वर या. गेले. वर एकच खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि सत्तरीच्या टायपिस्टबाई. पाठ अशी ताठ की मीच सरळ बसले.

कारखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. म्हटलं, मला एक प्रश्न इंग्रजीत लिहून द्या.

"लिहून देणार नाही. शिकवीन."

माझं वय सेहेचाळीस, म्हटलं.

"मी विचारलं का?" मग थोड्या नरमल्या. "वर्षानुवर्षं एकाला लिहून देत आले. याच खुर्चीवर बसायचा. आजतागायत त्याला स्वतःची एक ओळ येत नाही. चूक माझीच. तीच परत करणार नाही."

कोण गाढव असेल ते! सोमवार आणि गुरुवार, साडेचार वाजता. वही आणायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

मला वाटलं होतं ए बी सी डी पासून सुरू करतील. छे! पहिलंच वाक्य: कुड यू प्लीज क्लॅरिफाय. म्हणजे जरा उलगडून सांगाल का. वीस वेळा म्हणायला लावलं. म्हणाल्या, यात विनवणी नाही आणि उद्धटपणाही नाही, म्हणून हे वाक्य आधी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कटिंग मास्तरांवर सराव केला. ते कापड बेतत होते. जवळ जाऊन म्हटलं, कुड यू प्लीज क्लॅरिफाय? मास्तरांनी कात्री खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, माझी काही चूक झाली असेल तर मराठीत ओरडा."

सगळ्या जणी पोट धरून हसल्या. मीही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी गाढवपणा केला. लिहिते, म्हणजे परत होणार नाही.

बाईंना न विचारता हॉस्पिटलच्या खरेदी विभागाला ईमेल पाठवला. मनातले आठ प्रश्न एका दमात, मधे ना आकडा ना परिच्छेद. तासाभरात उत्तर आलं, एक ओळ. शब्दकोश घेऊन लावलं: कृपया टेंडरचे कागद पाहावेत.

म्हणजे वाचलंच नाही त्यांनी! तोंडात मारल्यासारखं झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी ईमेल वाचला. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "खरेदीवाल्याच्या टेबलावर दीडशे पानं असतात. त्याला शोधायला लावलंत की तो तुम्हाला वाटेला लावणारं उत्तर देतो. पान सांगा, कलम सांगा, मग एकच प्रश्न. असा की त्याला टाळता येऊ नये."

विथ रेफरन्स टू क्लॉज सेव्हन, पेज इलेव्हन. हे म्हटलं की मी कागद वाचलेत हे त्यांना कळतं. आणि खरंच वाचलेत! सातवं कलम मला आता अख्खं समजतं.

आणखी एक कानमंत्र: हॉस्पिटल भावाचं बंद पाकीट उघडेपर्यंत आपला भाव कुणालाही, चुकूनसुद्धा सांगायचा नाही. आठातल्या सहाव्या प्रश्नात तो जवळजवळ सांगून बसले होते. बाईंनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा कळलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बुधवारी हॉस्पिटलमध्ये बैठक आहे. टेंडर भरणाऱ्या सगळ्यांनी यायचं आणि शंका समोरासमोर विचारायच्या. ईमेल पुरे, मी जात नाही, असं बाईंना सांगून पाहिलं.

"ईमेलला 'पाहावेत' म्हणता येतं. उभ्या माणसाला नाही."

घरी आरशासमोर उभी राहून म्हणत होते, तर मागून हे म्हणाले, "क्लॅरिफाय जरा हळू म्हण. पळतेस तिथे." यांना कधीपासून यायला लागलं? ऐकून ऐकून पाठ झालंय!

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहून ठेवते. एक शब्द विसरायचा नाही मला.

लांब टेबल. चौदा कंपन्या, तेरा पुरुष, आणि मी. समोर खरेदी अधिकारी. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर हॉस्पिटलची माणसं. भाऊजी माझ्या समोरच, नवा कोट, पुढ्यात बंद वही. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. अधिकारी सगळं इंग्रजीत बोलत होते. तीन-चार जणांनी विचारलं: मुदत, पॅकिंग, अनामत. भाऊजी गप्प. मला नवल वाटलं. बारा वर्षांचे मुरलेले, आणि एक प्रश्न नाही?

मग अधिकारी म्हणाले, एनी अदर क्वेश्चन? आणि कागद आवरायलाच लागले.

पाय जमिनीला शिवल्यासारखे झाले होते. तरी उठले. म्हटलं, "विथ रेफरन्स टू क्लॉज सेव्हन, पेज इलेव्हन. कुड यू प्लीज क्लॅरिफाय. इज धिस साइझ बिफोर वॉशिंग, ऑर आफ्टर वॉशिंग?"

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं. अधिकाऱ्यांनाही हसू आलं. अकरावं पान काढलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. हसू ओसरलं. तिथे काही लिहिलेलंच नव्हतं!

तेवढ्यात भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धुलाई विभागाच्या मुकादमबाई, आडव्या बांध्याच्या, बाह्या दुमडलेल्या. सरळ मराठीत सुरू झाल्या. "साहेब, चार वर्षं हेच सांगतेय मी! चादर येते तेव्हा झकास असते. दहा धुण्यांनंतर खोचायला जावं तर हातभर गादी उघडी. पेशंट कूस बदलतो, चादर गोळा होते, आणि बोलणी आमच्या मुली खातात! या बाईंना उत्तर द्या आधी."

आता कुणी हसत नव्हतं. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. मला म्हणाले, प्लीज रिपीट युवर क्वेश्चन.

केला रिपीट! या वेळी क्लॅरिफाय पळालं नाही.

जिन्यात मुकादमबाईंनी दंड धरून हलवला. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. (हे यांनी वाचू नये.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाने शाब्बास म्हटलं नाही. चहा मागवला, दोन कप. दोन आठवड्यांत पहिल्यांदा!

मधेच विचारलं, "तुमचे दीर होते का तिथे? काही बोलले?" नाही म्हटलं. माझे दीर कोण हे बाईंना कुठून माहीत? मीच कधीतरी सांगितलं असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं. आणि माझं धाबं दणाणलं.

हॉस्पिटलने सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर छापून चौदाही कंपन्यांना पाठवली. नियमच आहे तसा. प्रश्न क्रमांक एक माझा. नाव नाही. उत्तर: मापं धुतल्यानंतरची धरावीत. प्रत्येकाने नमुन्याच्या सहा चादरी द्याव्यात. हॉस्पिटल त्या दहा वेळा धुऊन मग मोजेल.

म्हणजे विचारलं मी आणि शहाणे झाले सगळे! भाऊजीसुद्धा! चडफडत बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "उत्तर सगळ्यांना मिळालं. चादर कुणाकुणाला करता येते, ते बघू."

३ मार्च, सोमवार

कापड आधी उकळून, वाळवून, मग बेतायचं. माझ्या आईची पद्धत. बाजारातून तयार चादरी उचलणाऱ्यांना हे जमायचं नाही, आणि बरेच जण तेच करतात. मास्तर कुरकुरले, "आटलेलं कापड कात्रीला कडक लागतं, ताई." पण बेतलं. यांनी अंगणात चुलाण मांडलं. सात जणींनी आळीपाळीने ढवळलं. सहा चादरींसाठी एवढा थाट!

आज नमुने आणि बंद पाकीट दिलं. पोचपावती मी मागून घेतली. इंग्रजीत मागितली.

१४ मार्च, शुक्रवार

नमुने मुकादमबाईंच्याच धुलाईत आहेत, पण त्यांचा निरोप मुळीच आला नाही. प्रामाणिक आहेत. मी मात्र नखं कुरतडून संपवली.

२१ मार्च, शुक्रवार

मिळालं!!

चौदातल्या तिघांच्याच चादरी दहा धुण्यांनंतर मापात राहिल्या, आणि तिघांत आमचा भाव कमी. पत्र सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं. मीच वाचलं, एकही शब्द न विचारता. मास्तरांनी कात्री वर धरली. यांनी नऊच्या नऊ मशीन एकदम सुरू केली, नुसती, कापड न लावता. काय तो आवाज! चौकातून लोक डोकावले. हे डोळे पुसत होते आणि तेल उडालं म्हणत होते.

धावत जिना चढून बाईंकडे. पत्र पुढे केलं. त्यांनी सवयीने पहिल्यांदा स्वल्पविराम तपासले. मग म्हणाल्या, "अगं, जिंकलीस की!" दीड महिन्यात पहिल्यांदा अगं. मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाल्या, गुरुवारी नवा धडा आहे, उशीर नको.

नाकावर टिच्चून मिळवलं! उद्या भाऊजी भेटले ना, तर केबिनच्या काचेतून नुसतं हसणार आहे. बारा वर्षांचं हसू साठलंय.

२२ मार्च, शनिवार

भाऊजी आले. कोट नव्हता. केबिनचं दार लावून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. हॉस्पिटलचं पत्र, त्यांना आलेलं.

"वहिनी, एवढं वाचून सांगता? टायपिस्टबाई आता लिहूनही देत नाहीत, वाचूनही. म्हणाल्या, एकाच टेंडरला दोन घरची पत्रं करणार नाही, तुमच्या वहिनी आधी आल्या."

ती खुर्ची! मी बसते ती!

"मग बारा वर्षं तो प्रश्न..."

"विचारला असता तर त्यांनी उलट काहीतरी विचारलं असतं. मग मी काय बोललो असतो, वहिनी?"

साठवलेलं हसू कुठे गेलं कोण जाणे. कागद टेबलावर पसरला आणि शब्दाशब्दाला बोट लावून हळूहळू वाचून दाखवला. मग म्हटलं, सोमवारी साडेचारला या. वही आणा. बाईंशी मी बोलते.