अंगणातले बारा बल्ब

नागपूर,
९ जून १९७३

तीर्थरूप मनकर्णाआत्याबाईंना पुष्पलताचा वाकून नमस्कार.

कोंब मोडलेला गुलछडीचा कंद पुन्हा फुटतो का? मला सांगता येत नाही, आणि घरातली पहिली बी.ए. म्हणून सगळे मलाच विचारतात. तुमचा गुडघा कसा आहे? उन्हात फार फिरत नाही ना? आम्ही सगळे बरे आहोत. (बाबाही बरे आहेत, पण बोलत नाहीत. तुमच्या उमरेडच्या शाळेतून मला शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर आली आहे, पंधरा तारखेच्या आत होकार कळवायचा आहे. मी जाऊ का, असं विचारल्यापासून ते 'पाहू' या एकाच शब्दावर दिवस काढत आहेत.)

तर तुम्ही दिलेले बारा कंद. लावण्याआधी नीट अभ्यास करावा म्हणून मी वाचनालयातून बागकामाचं इंग्रजी पुस्तक आणलं (चूक इथेच झाली, त्यात कंदाला 'बल्ब' म्हणतात), आणि बाबा गिरणीत निघाले तेव्हा मी त्यांना मोठ्या उत्साहात म्हणाले, "बाबा, आज अंगणात बारा बल्ब लावायचे आहेत." संध्याकाळी मी मैत्रिणीकडून परतले तर अंगण झगमगत होतं. गिरणीतल्या वायरमनला हाताशी धरून बाबांनी कडुनिंबापासून न्हाणीपर्यंत बारा दिवे टांगले होते. मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "तूच त म्हटलं ना वं, बल्ब लावा म्हणून!"

दिवे पाहून शेजारचे वामनराव आलेच. "मारोतराव, पोरीचं जमलं अन् आमाले पत्ताच नाही गा! पोरगा कुठचा हाये?" बाबा गडबडले. आठवडाभर मनात एकच गाव घोळत होतं, तेच तोंडातून निघालं, "उमरेडचा." आता गल्लीच्या मते माझा नवरदेव कोळशाच्या खाणीत साहेब आहे. आई म्हणते, "आता तुमीच शोधून आणा तो जावई."

दुसऱ्या दिवशी कंद मातीत गेले. पुस्तकात लिहिलंय की कंदांना उगाच हात लावू नये. मी ते बाबांना मराठीत दोनदा वाचून दाखवलं. तरी रोज पहाटे ते अंगणात बसून एकेक कंद उकरतात, फुंकर मारतात, परत झाकतात. परवा एकाला कोंब आला होता, तो त्यांच्या बोटानं मोडला. त्यांनी मला सांगितलं नाही, आईनं पाहिलं. काडेपेटीतल्या काडीचा टेकू देऊन तो पुन्हा मातीत उभा केला आणि मी उठेपर्यंत ते त्याच्यावर हाताची सावली धरून बसले. आत्याबाई, अशा माणसाशी वाद कसा घालायचा हे बी.ए.ला शिकवत नाहीत.

आईचा नमस्कार.

तुमची,
पुष्पलता

ता.क. खरं काम हे. बाबांना एक पत्र टाका : 'गुडघा फार दुखतो, एकटीनं होत नाही, पोरीले धाडून दे.' तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. मी मागच्या खोलीत राहीन, पाणी भरीन.

ता.क. २. तसं पत्र लिहू नका. उद्या मुलांना खरं बोला म्हणून शिकवायचं आणि आज तुमच्याकडून खोटं लिहवून घ्यायचं, हे मला जमेना. शाळेला होकार मी कालच रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे, आणि हे वरचं लिहून झाल्यावर बाबांना जाऊन सांगितलं. आत्ता ते माळ्यावर चढून माझ्यासाठी ट्रंक काढत आहेत.