आंबट गोळी आणि उघडा हात

पिंपरी पेंढार, मंगळवार, संध्याकाळ

डोकं नुसतं तापलंय. आज टोमॅटोवर फवारणी होती. मी रानात पाणी घेऊन गेले, तर आमचे हे ड्रममधलं औषध हातानं ढवळत होते. कोपरापर्यंत उघड्या हातानं! परवाच यांचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी हातमोजे घालायला सांगितले होते. मोजे कुठंयत विचारलं, तर म्हणाले, "अगं, त्यात हात लई घामेजतो. आन् व्हिटॅमिनची गोळी चघळतोय की मी. डॉक्टरनंच दिली ना?"

दिली. पण काय सांगून दिली? मी शेजारीच बसले होते. "भाऊ, या गोळीनं रक्ताला थोडा आधार मिळेल, पण अंगात जाणारं विष ती अडवणार नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी आधार तेवढा ऐकला, बाकीचं दवाखान्यातच सोडून आले. आता ती आंबट गोळी तोंडात असली की स्वारी निर्धास्त!

आणि मला खरा संताप कशाचा आला? भाजीला चार टोमॅटो घ्यावेत म्हणून मी जवळच्याच सरीत वाकले, तर केवढ्यांदा ओरडले, "तिथले नको! आत्ताच मारलंय. बांधाकडच्या दोन सऱ्या घरच्या हायेत, त्यांना थेंबभर लावलं न्हाई."

म्हणजे विष आहे, हे पक्कं ठाऊक आहे. फवारलेले मार्केटला पाठवायचे, घरचे टोमॅटो वेगळे काढून जपायचे.

आणि तो हात? तो काय मार्केटला पाठवायचाय?